वीस तारखेची माणसं : एपिक्युरसचा सुखवाद जगून बघताना

पाणवठा

मागच्या जूनमध्ये रात्री अडीचच्या सुमाराला मला मुतखड्याची कळ आली. ज्यांनी ती सोसली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुशीतून सुरू होऊन जांघेपर्यंत उतरते, पाच मिनिटं सोडते, आणि सुटलो म्हणेस्तोवर परत धरते. पहाटेपर्यंत मी न्हाणीघराच्या फरशीवर उकिडवा बसून होतो. बायको मागे स्टुलावर बसून पाठीला गरम पाण्याची पिशवी धरत होती. पिशवी गार झाली की उठायची, परत भरून आणायची. आम्ही दोघं फारसं बोललोही नाही.

दोन दिवसांनी अंथरुणात पडल्या पडल्या वाचताना एक पत्र समोर आलं. इ.स.पू. २७० च्या सुमाराला अथेन्समध्ये ७२ वर्षांच्या एका माणसाने आयुष्याच्या शेवटच्या दिवशी इडोमेनियस नावाच्या मित्राला लिहिलेलं. लघवी अडलेली, जोडीला आमांश, चौदा दिवसांचं आजारपण. माझ्या शब्दांत सांगायचं तर तो लिहितो : आजचा दिवस सुखाचा आहे आणि तो माझा शेवटचा आहे. दुखणं याहून वाढायला जागाच उरलेली नाही. पण आपण केलेल्या गप्पा आठवून मनाला जो आनंद होतो आहे, तो मी या सगळ्या दुखण्यासमोर उभा केला आहे. आणि पुढच्याच ओळीत एकदम व्यवहाराचं बोलणं, की मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष ठेव. मेट्रोडोरस हा त्याचा जिवलग मित्र, काही वर्षं आधी वारलेला.

पत्र लिहिणारा एपिक्युरस. त्याचंही दुखणं खड्याचंच होतं.

कॉलेजात नीतिशास्त्राच्या तासाला 'सुखवादी' म्हणून या माणसाची ओळख दोन ओळींत उरकली होती. खा, प्या, मजा करा, एवढंच डोक्यात राहिलं. त्यामुळे जगातला सगळ्यात प्रसिद्ध सुखवादी लघवी अडून मरत असताना मित्राच्या पोरांची काळजी करतो, हे वाचून मी उठूनच बसलो. तेव्हापासून वर्षभर जमेल तसं वाचतो आहे आणि त्याहून जास्त, जमेल तसं जगून बघतो आहे. त्यातलं काही इथे मांडतो. तुमच्याकडून ऐकायचंही आहे.

जन्म इ.स.पू. ३४१, सामोस बेटावर, तिथे वस्तीला गेलेल्या अथेन्सकर आईबापांच्या पोटी. अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी शिक्षणासाठी अथेन्सला गेला आणि त्याच सुमाराला अलेक्झांडर वारला. सामोसवरून अथेन्सकरांना हाकलून दिलं गेलं. घर गेलं, जमीन गेली, आईबाप समोरच्या किनाऱ्यावर कोलोफोनला जाऊन राहिले. पुढे त्याने मितिलिनीत शिकवलं, लाम्प्साकसला शिकवलं आणि इ.स.पू. ३०६ च्या आसपास अथेन्सला येऊन ८० मिना (तेव्हाचं ग्रीक चलन) देऊन जागा घेतली. तीच 'बाग', म्हणजे त्याची शाळा. शहराच्या दिपिलोन दरवाजाबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर. तो सगळा काळ अलेक्झांडरच्या सेनापतींच्या लढायांचा. आज आहे ते गाव, ते घर उद्या आपलं असेल याची कुणालाच खात्री नाही, अशा पिढीचं हे तत्त्वज्ञान आहे. हे लक्षात घेतल्याशिवाय त्याची 'सुख' ही कल्पना हाताला लागत नाही असं माझं मत झालं आहे.

सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने या बागेचं वर्णन करून ठेवलंय. दारावर लिहिलेलं असेल, पाहुण्या, इथे तू आनंदाने राहशील, इथे सुख हेच सर्वांत मोठं श्रेय आहे. आत गेल्यावर राखणदार तुमच्यापुढे सातूच्या पिठाची पेज ठेवेल, पोटभर पाणी देईल आणि विचारेल, झाला ना पाहुणचार? वाईन असलीच तर पावशेरभर, तीही हलकी. एका पत्रात एपिक्युरस लिहितो की चीजचं एक छोटं भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. चीज हीच मेजवानी! मेनोइकियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तर तो स्पष्ट सांगतो : आम्ही सुख म्हणतो ते दारूच्या बैठकांचं, बायकांच्या नि तरुण मुलांच्या शरीरसंगाचं, माशांनी भरलेल्या ताटाचं नव्हे. अंगाला दुखणं नसणं आणि मनाला घोर नसणं, ते सुख.

हे पूर्वीही वाचलं असतं तर मला फिकं वाटलं असतं. दुखत नाही म्हणजे सुख, हे कसलं सुख? पण त्या पहाटे साडेपाचला कळ थांबली. खडा बहुधा खाली सरकला असावा. मी तसाच फरशीवर भिंतीला टेकून बसलो. बाहेर दूधवाल्याच्या कॅनचा आवाज आला. बायकोने पिशवी बाजूला ठेवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. काही घडत नव्हतं, काही हवं नव्हतं. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही समारंभापेक्षा भरलेला होता. एपिक्युरसचं म्हणणं इतकंच, की ती अवस्था कळ येऊन गेल्यावरच मिळते असं नाही. आत्ता, या घडीला, ज्याचं पोट भरलेलं आहे आणि ज्याला थंडी वाजत नाही त्याच्याकडे ती आहेच. आपण तिच्यावर बसून दुसरीकडे शोधत असतो.

त्याने इच्छांचे तीन खाने केले. भूक, तहान, निवारा या नैसर्गिक आणि गरजेच्या. चमचमीत जेवण, शरीरसुख हे नैसर्गिक, पण अडून राहण्यासारखं नाही. तिसऱ्या खान्यात पुतळे, मुकुट, नाव, कधी न संपणारं आयुष्य. या इच्छांना तो 'पोकळ' म्हणतो, कारण त्यांना तळ नसतो, कितीही ओता. मी एक वही केली आणि हे खाने आखून आठवडाभर स्वतःच्या इच्छा लिहिल्या. तेव्हा मोठी गाडी घ्यायचं चाललं होतं. लिहिताना पेन थांबलं. जुन्या गाडीत काय अडतंय? काहीच नाही. मला गाडी नको होती, सोसायटीच्या गेटमधून ती आत येताना लोकांनी वळून बघायला हवं होतं. बुकिंग केलं नाही, आणि हळहळही वाटली नाही.

पण ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला ती वेगळीच आहे. मेनोइकियसला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो म्हणतो, हे सगळं रात्रंदिवस घोळवत राहा, स्वतःशी *आणि तुझ्यासारख्या दुसऱ्या कुणाशी तरी*. हा 'आणि' माझ्या नजरेतून दोनदा निसटला होता. त्याचं मृत्युपत्र आज उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो की दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, माझी आणि मेट्रोडोरसची आठवण काढायची, त्याचा खर्च इस्टेटीतून करायचा. पुढे शतकानुशतकं त्याचे लोक हे पाळत राहिले, इतके की त्यांना 'वीस तारीखवाले' अशा अर्थाचं नावच पडलं होतं.

गेले दहा महिने आम्ही चौघे दर वीस तारखेला जमतो. पाळीपाळीने एकाकडे. पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात, त्यावर काही करायचं नाही हा नियम. थोडं वाचतो, मग बोलतो. बागेत एकमेकांना दोष मोकळेपणाने सांगायची पद्धत होती, फिलोडेमस या नंतरच्या एपिक्युरसपंथी लेखकाने त्यावर वेगळा ग्रंथ लिहिला आहे. आम्हाला ते जमायला पाच महिने लागले. सहाव्या महिन्यात एका मित्राने मला सांगितलं की तू मुलाशी बोलताना प्रत्येक वाक्य सूचनेसारखं बोलतोस. घरचं कुणी हेच म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. त्या दिवशी मी पानातली भाकरी संपवली, घरी गेलो आणि मुलाला हाक मारली.

हा मार्ग एकट्याने वाचून चालायचा नाही, अशी माझी खात्री झाली आहे. तुमचं काय मत?

तळटीप

फार मनापासून लिहिलं आहे. धन्यवाद.

'सुखवाद' या मराठी शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे तो शब्द येतानाच संशय घेऊन आला. टिळकांनी गीतारहस्यात 'आधिभौतिक सुखवाद' असं अख्खं प्रकरण घातलं आहे, आणि तिथे सुखवाद ही ओलांडून जायची पायरी आहे, राहायची जागा नव्हे. त्याआधी चार्वाकाची गत आपल्याला माहीतच आहे. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' हे आपल्याला मिळालं चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून, म्हणजे विरोधी पक्षाच्या वहीतून. त्याच्या स्वतःच्या लोकांचे ग्रंथ उरलेच नाहीत.

एपिक्युरसच्या वाट्याला हेच आलं, पण थोडं बरं नशीब घेऊन. मेट्रोडोरसचाच सख्खा भाऊ तिमोक्रातेस बागेतून बाहेर पडला आणि त्याने लिहून ठेवलं की हा माणूस खाण्याच्या हव्यासापायी दिवसातून दोनदा ओकतो. ती अफवा शतकानुशतकं चालली. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकात जळत्या थडग्यात घातलं. पण इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या आसपास डायोजेनिस लेर्टियसने तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिताना शेवटचं, दहावं पुस्तक पूर्ण एपिक्युरसला दिलं आणि त्यात त्याची तीन पत्रं, चाळीस मुख्य वचनं आणि ते मृत्युपत्र जसंच्या तसं उतरवून घेतलं. एका चरित्रकाराने उतरवून घेतलं नसतं तर आपण आज तिमोक्रातेसचंच खरं धरून चाललो असतो. चार्वाकाला असा लेर्टियस भेटला नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मोहोर

वही आजच करते. गाडीचा परिच्छेद दोनदा वाचला.

रानजाई

पाणवठा, तुमचं लिखाण आवडलं म्हणूनच स्पष्ट लिहिते.

या पंथाची चार कलमी औषधाची मात्रा प्रसिद्ध आहे. देवाला भिऊ नका, मरणाची काळजी करू नका, जे चांगलं ते सहज मिळतं, जे भयंकर ते सहज सोसता येतं. पहिली तीन मला पटतात. चौथं मी मान्य करणार नाही. मुख्य वचनांत त्याचं कारण दिलं आहे, की तीव्र वेदना फार काळ टिकत नाही आणि जे दुखणं लांबतं त्यात सुखाचं पारडं दुःखापेक्षा जड असतं.

माझ्या आईला बारा वर्षं संधिवात आहे. दोन्ही हातांची बोटं बाहेरच्या बाजूला वळली आहेत. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, म्हणून चहाचा कप ती दोन तळव्यांच्या मध्ये धरते, जशी लहान मुलं धरतात तसा. गेल्या बारा वर्षांत तीव्र वेदना अनेकदा आली आणि ती थोडक्यात आटोपली नाही. तुमची कळ पहाटे थांबली. तिची थांबत नाही. तिच्यासमोर बसून 'लांबलेलं दुखणं सौम्य असतं' असं म्हणायचं धैर्य मला होणार नाही, आणि ज्याला होईल त्याने तिच्या हातांकडे बघितलेलं नसेल.

पाणवठा

रानजाई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या कळेवरून मी तुमच्या आईंच्या दुखण्याबद्दल काहीही म्हणू शकत नाही.

दोन दिवस विचार करून एवढंच लिहावंसं वाटतं. वचनात तो नियम सांगतो, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा पत्रात तो ते वचन उगाळत नाही. दुखणं सौम्य आहे असं लिहीत नाही, उलट याहून वाढूच शकत नाही असं लिहितो. सहज सोसवतंय असंही नाही. तो फक्त आठवणी दुसऱ्या बाजूला ठेवतो. वचन लिहिणारा एपिक्युरस आणि पत्र लिहिणारा एपिक्युरस यांच्यात निवडायचं झालं तर मी पत्राच्या बाजूने आहे. चौथं कलम मीही आजपासून तसंच्या तसं म्हणणार नाही.

गावकुस

माझा आक्षेप दुसराच आहे. 'लपून जग' हे याच माणसाचं वचन ना? राजकारणापासून लांब राहा, सार्वजनिक आयुष्य म्हणजे तुरुंग, असं शिकवणारा. मी ज्या गावात राहतो तिथे एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. आमच्या वस्तीला तिसऱ्या दिवशी यायचा. सहा ग्रामसभा भांडलो तेव्हा एक दिवसाआड यायला लागला. चार मित्र बागेत पेज पीत बसले असते तर हे झालं नसतं. शांत मन ही चांगली गोष्ट आहे, पण शेजारच्या हंड्यात पाणी नसताना माझं मन शांत राहिलं तर ते मला नको आहे.

तळटीप

गावकुस, हा आक्षेप फार जुना आहे आणि वजनदार आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने 'लपून जग' याच वचनाविरुद्ध एक छोटा निबंध लिहिला होता. तुमचा मुद्दा जवळपास त्याचाच. पण त्याच प्लुटार्कने दुसरीकडे एक प्रसंग लिहून ठेवला आहे.

इ.स.पू. २९४ च्या सुमाराला दिमित्रियस राजाने अथेन्सला वेढा दिला. धान्य संपलं. प्लुटार्क सांगतो, एका घरात बाप आणि मुलगा सगळी आशा सोडून बसले होते. वरून छतातून एक मेलेला उंदीर पडला आणि दोघं उठून त्याच्यासाठी मारामारी करायला लागले. पुढचं वाक्य असं की त्याच काळात एपिक्युरसने आपल्या सोबत्यांना शेंगांचे दाणे मोजून वाटून जगवलं. स्वतःलाही त्याच मोजणीतले.

हे तुमच्या ग्रामसभेच्या बरोबरीचं आहे असं मी म्हणत नाही. त्याने वेढा उठवायला काही केलं नाही. पण दाणे मोजणारा माणूस जगापासून पळालेला होता असंही मला म्हणवत नाही.

आणि दुसरी गोष्ट भिंतीची. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला, डोंगरात, ओइनोआंदा नावाचं शहर होतं. इ.स.च्या दुसऱ्या शतकात तिथल्या डायोजेनिस नावाच्या (वरच्या चरित्रकाराहून वेगळ्या) म्हाताऱ्या, आजारी गृहस्थाने शहरातल्या एका ओसरीच्या भिंतीवर एपिक्युरसचं सगळं तत्त्वज्ञान कोरून घेतलं. अंदाजे २५,००० शब्द. कारणही त्याने तिथेच कोरलं आहे. माझं आयुष्य मावळतीला आलं आहे. मेंढरांना एकमेकांपासून रोग लागावा तशी चुकीच्या समजुतींची साथ पसरली आहे. एक-दोघे आजारी असते तर एकेकाला जाऊन सांगितलं असतं, पण आजारी पुष्कळ आहेत, म्हणून औषध भर रस्त्यात ठेवतो आहे. अजून जन्माला न आलेल्यांसाठी, आणि ज्यांना परके म्हणतात त्यांच्यासाठीही, कारण पृथ्वी हा सगळ्यांचा एकच देश आहे. १८८४ मध्ये ती अक्षरं परत सापडली, दगड इकडेतिकडे विखुरलेले. आजवर तीनशेच्या आसपास तुकडे मिळाले आहेत.

गावात कोणी भिंतीवर असं काही कोरणं हे लपून जगणं नाही.

गावकुस

भिंतीची गोष्ट माहीत नव्हती. ती मुलांना सांगणार आहे. पाण्याबद्दलचं माझं मत कायम आहे. दाणे मोजून वाटणं आणि दाणे का संपले हे विचारणं, दोन्ही लागतं.

शून्य_एक

मी संगणकाच्या बाजूने या विषयाकडे आलो. ज्या फिलोडेमसचा पाणवठा यांनी उल्लेख केला, त्याचे ग्रंथ आपल्याकडे आले तेच एका आपत्तीमुळे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा हर्क्युलेनियममधला एक मोठा वाडा राखेखाली गेला. १७५२ च्या सुमाराला तिथे पपायरसच्या गुंडाळ्या सापडायला लागल्या, शेकड्यांनी. जळून कोळसा झालेल्या. उलगडायला गेलं की भुगा होतो. ज्या वाचता आल्या त्यांतल्या बऱ्याचशा फिलोडेमसच्या, म्हणजे एपिक्युरसपंथी ग्रंथालय आपोआप कोळशात जपलं गेलं.

२०२३ मध्ये या न उलगडता वाचण्यासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली. सिंक्रोट्रॉन या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या क्ष-किरणांनी गुंडाळीचे थर आतून टिपायचे, मग कागद आणि शाई यांतला अगदी पुसट फरक यंत्राला शिकवायचा. कोळशावर कोळशाचीच शाई, डोळ्याला काहीच दिसत नाही. मी त्या चित्रांवर कित्येक रात्री बसलो आहे. थर एकमेकांत घुसलेले असतात, ओल्या पुठ्ठ्यासारखे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला पूर्ण शब्द वाचला गेला, 'जांभळा'. तो मी स्क्रीनवर पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघा विद्यार्थ्यांना ७ लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं.

आणि मजकूर निघाला तो सुखावरचा! लिहिणारा विचारतो आहे की जे दुर्मीळ असतं ते विपुल असलेल्यापेक्षा जास्त सुख देतं का. उत्तर देतो की खाण्याच्या बाबतीतसुद्धा आपण लगेच तसं मानत नाही. जवळपास दोन हजार वर्षं बंद राहिलेल्या गुंडाळीतून बाहेर आलेला पहिला सलग विचार हा. पाणवठांच्या पिठलं-भाकरीचा नियम त्याच्या शेजारी ठेवून बघा.

वाटसरू

सगळे एपिक्युरसबद्दलच बोलत आहेत, म्हणून दुसऱ्या सुखवाद्याची बाजू मांडतो. त्याच्या आधीचा अ‍ॅरिस्टिपस. गाव किरिनी, आजच्या लिबियात. सॉक्रेटिसचा शिष्य. त्याच्या मते सुख म्हणजे आत्ता, अंगाला जाणवणारं, हलतं-वाहतं सुख. दुखणं नसणं हे सुख नव्हे, ती झोपलेल्या माणसाची अवस्था झाली, असं त्याच्या पंथाचे लोक एपिक्युरसला सुनावत. राजाच्या पंगतीत तो मजेत बसे आणि फाटकी वस्त्रंही तितक्याच सहज नेसे. लाइस नावाच्या गणिकेवरून लोक बोलले तेव्हा म्हणाला, ती माझ्याकडे आहे, मी तिच्या ताब्यात नाही.

मला हा जवळचा वाटतो, कारण तो सुखाला घाबरत नाही. एपिक्युरसच्या बागेत मला कधीकधी फार सावधपणा जाणवतो. शरीरसंबंधाने कधी फायदा होत नाही, नुकसान झालं नाही यातच समाधान माना, हे त्यांचं म्हणणं मला कोरडं वाटतं. गेल्या पावसाळ्यात भर सरीत गाडी बाजूला लावून मी आणि बायको एका टपरीवर गरम भजी खात उभे होतो. ते दुखणं नसण्याचं सुख नव्हतं, ते सुख होतं.

उंबरठा

बागेत बायका आणि गुलाम होते हे नेहमी कौतुकाने सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. लिओंतिऑन, मामारिऑन, हेदिया ही नावं उरली आहेत. लिओंतिऑनने थिओफ्रास्टससारख्या मातब्बर तत्त्वज्ञाविरुद्ध ग्रंथ लिहिला. रोमन वक्ता सिसेरो त्याबद्दल चिडून लिहितो, पण तिची ग्रीक भाषा डौलदार होती हेही कबूल करतो. ग्रंथ गेला, चिडचिड उरली.

मी मृत्युपत्र मुद्दाम नीट वाचलं. मिस, निकियास, लिकॉन आणि फेद्रिऑन या चौघांना तो मुक्त करतो. मिस तर त्याच्याबरोबर तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारा. मग तो मुक्त होतो मालक मेल्यावर? मैत्री हे सगळ्यात मोठं धन म्हणणाऱ्या माणसाच्या घरात मित्र मालकीचा होता. मेट्रोडोरसच्या मुलीची सोय लावली आहे, हुंड्यासकट, पण ती वळणाने वागेल आणि हर्मार्कसचं (एपिक्युरसनंतर बाग चालवणाऱ्याचं) ऐकेल या अटीवर, आणि नवरा निवडणार तोही हर्मार्कसच.

त्या काळात याहून जास्त कोण देत होतं, हा प्रश्न मला ठाऊक आहे. बाकीच्या बहुतेक शाळांच्या दारात लिओंतिऑनला कोणी उभंही केलं नसतं. तरी ज्या दिवशी मी बागेचं कौतुक वाचते त्या दिवशी मिसचं नावही मनात येतं. तुमच्या चौघांच्या वीस तारखेला पिठलं कोण करतं, हे विचारायचं होतं. आडून विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे.

पाणवठा

उंबरठा, पहिले तीन महिने ज्याच्याकडे बैठक त्याची बायको करायची. चौथ्या महिन्यात माझ्या बायकोनेच विचारलं की ही तुमची वीस तारीख माझी का नाही. तेव्हापासून ज्याची पाळी तो स्वतः करतो, आणि आता आम्ही चौघे नाही, सहा आहोत. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. राहिलं, ही चूक झाली. माझ्या भाकऱ्या अजून कडेला चिरतात.

मिसबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे बचाव नाही.

वाटसरू, भजी खाऊ नका असं एपिक्युरस म्हणाला नसता. चीजचं भांडं त्यानेही मागवलं होतंच. त्याचं म्हणणं, भजी न मिळाल्याने ज्याचा दिवस बिघडत नाही त्याला ती जास्त गोड लागते. पण शरीरसुखाबद्दलच्या त्याच्या वचनात कोरडेपणा आहे हे मलाही जाणवतं.

दर्यावर्दी

जहाजावर असतो, अथेन्सजवळच्या पिरीअसला दोनदा बंदरात होतो. एकदा अर्धा दिवस मिळाला म्हणून अथेन्सच्या केरामिकोस भागात जाऊन दिपिलोन दरवाजाचे अवशेष बघितले. उरलेल्या दगडांच्या पायऱ्या, गवत, कासवं. तिथून अकादमीच्या दिशेने चालत गेलो. गॅरेज, टायरची दुकानं, वाळत घातलेले कपडे. बाग कुठे होती हे दाखवणारं काही मला दिसलं नाही. एका बाकावर बसून डब्यातली पोळी खाल्ली. जहाजावर चार-चार महिने तीच बावीस माणसं असतात. त्यातल्या एका केरळी बोसनशी (खलाशांच्या मुकादमाशी) दर रविवारी रात्री डेकवर बोलतो, सहा वर्षं झाली. मला वाटतं माझी वीस तारीख तीच आहे.

रानजाई

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे.

पाणवठांचं उत्तर वाचल्यावर ते पत्र मी आईला मराठीत वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला लिहिता तरी आलं." तिला गेली चार वर्षं पेन धरता येत नाही. मला फार वाईट वाटलं, उगाच वाचलं असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच विषय काढला. डी.एड.ला असताना वसतिगृहात तिच्या खोलीत दोघी होत्या. त्यांच्यातल्या एकीचा फोन तिला रोज चार वाजता येतो, दुसरीशी वर्षभर बोलणं नव्हतं. म्हणाली, त्या दोघींना बोलव, वीस तारखेला. मी म्हटलं जिना आहे, तिसरा मजला, त्यांचेही गुडघे गेलेत. म्हणाली, विचार तर.

काल वीस तारीख होती. दोघी आल्या. एकेका मजल्यावर थांबत थांबत, वीस मिनिटं लागली चढायला. मी सातूचं पीठ आणून पेज केली होती, ताक घालून. आईने वाटी दोन तळव्यांत धरली. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंची कुठलीतरी गोष्ट निघाली आणि तिघी इतक्या हसल्या की आईच्या हातातली पेज साडीवर सांडली. तिने ती पुसूही दिली नाही, म्हणाली राहू दे, पुढचं सांगू दे आधी.

रात्री तिला नेहमीसारखंच दुखलं. गोळी दिली, पाय चेपले. दिवा मालवताना म्हणाली, पुढच्या वीसला पीठ जरा जास्त भाज.